टोकियोत जुना फ्लॅट घेताना: चुको मॅन्शनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती टोकियो आणि लगतच्या शहरांत स्वतः राहण्यासाठी जुना फ्लॅट शोधणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. रकमा येनमध्ये आहेत. जपानी जाहिरातीत किंमत ‘मान’मध्ये लिहितात. एक मान म्हणजे दहा हजार, त्यामुळे ३,००० मान म्हणजे ३ कोटी येन.

‘मॅन्शन’ म्हणजे बंगला का?

नाही. जपानीत मॅन्शन म्हणजे काँक्रीटच्या बहुमजली इमारतीतला फ्लॅट. लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याच्या दोन-तीन मजली भाड्याच्या इमारतीला ‘अपाआतो’ म्हणतात. ‘चुको’ म्हणजे आधी वापरलेला. आपल्या भाषेत रिसेलचा फ्लॅट.

इमारत किती जुनी असली तरी चालेल?

वयापेक्षा एक तारीख महत्त्वाची आहे: १ जून १९८१. त्या दिवसापासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष लागू झाले. त्यांना ‘शिन-ताइशिन’ म्हणतात आणि आधीच्या निकषांना ‘क्यू-ताइशिन’. जुने निकष मध्यम तीव्रतेचा भूकंप गृहीत धरत. धक्क्याची तीव्रता सांगणाऱ्या जपानी मोजपट्टीवर ‘६ वरचा’ किंवा ७ इतका मोठा धक्का बसला तरी इमारत कोसळून माणसं दगावू नयेत, ही अट नव्या निकषांत आली.

इथे बरेच जण फसतात, कारण १ जून १९८१ ही बांधकाम परवान्याची, म्हणजे ‘केनचिकु काकुनिन’ची तारीख आहे. जाहिरातीत मात्र इमारत पूर्ण झाल्याची तारीख असते. काँक्रीटची इमारत उभी राहायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारत जुन्या निकषांची असू शकते. १९८१ ते १९८३ दरम्यान पूर्ण झालेल्या इमारतीचा परवाना कोणत्या तारखेचा आहे हे एजंटकडून लेखी घ्या. परवान्याचा कागद हरवला असेल तर वॉर्ड कार्यालयाच्या बांधकाम विभागात नोंदवहीचा उतारा मिळतो.

मग १९८१ पूर्वीची इमारत सरसकट बाद करायची का?

सरसकट नाही. भिंतींच्याच आधारावर उभी, चार-पाच मजली, चौकोनी ठोकळ्यासारखी इमारत जुनी असूनही बरीच दणकट असते. जास्त भीती असते ती तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवून तिथे पार्किंग केलेल्या इमारतीची. अशा तळमजल्यात भिंती नसल्याने सगळा हादरा खांबांवर येतो. १९९५ च्या कोबे भूकंपात अशा अनेक इमारतींचा तळमजला चिरडला गेला.

इमारतीची भूकंप तपासणी, म्हणजे ‘ताइशिन शिंदान’ झाली आहे का ते विचारा. निकाल ‘आयएस’ आकड्यात येतो आणि तो ०.६ किंवा अधिक हवा. तपासणीच झालेली नसेल तर का झाली नाही, हे सोसायटीच्या इतिवृत्तांत सापडतं. कमी आकडा आला तर फ्लॅटची किंमत पडेल, या धास्तीने ती वर्षानुवर्षं टाळलेली असते. अशी इमारत आम्ही सुचवणार नाही.

काँक्रीटच्या इमारतीचं आयुष्य ४७ वर्षं असतं, हे खरं आहे का?

४७ वर्षं हा करासाठी घसारा काढायचा आकडा आहे. नीट सांभाळलेलं काँक्रीट त्याहून बरंच जास्त टिकतं. मात्र काही बँका कर्जाची मुदत ठरवताना हाच आकडा वापरतात. चाळीस वर्षं जुन्या घराला ३५ वर्षांचं कर्ज मिळेलच, हे गृहीत धरू नका.

कर्जाच्या हप्त्याशिवाय दरमहा काय द्यावं लागतं?

दोन गोष्टी. ‘कान्रिही’ म्हणजे आपला मेंटेनन्स: सफाई, लिफ्ट, रखवालदार, व्यवस्थापन कंपनीचं शुल्क. ‘शूझेन त्सुमितातेकिन’ म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, आपल्या सिंकिंग फंडाचा मोठा भाऊ. पार्किंग आणि सायकलस्टँड वेगळे.

दुरुस्ती निधीकडे फार बारकाईने पाहा. जपानमध्ये साधारण दर १२ ते १५ वर्षांनी इमारतीला मचाण बांधून मोठी दुरुस्ती करतात: बाहेरच्या टाइल्स ठोकून सुटलेल्या बदलणं, भेगा भरणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सांध्यांतलं सीलिंग, लोखंडी कठडे रंगवणं. पुढे पाण्याचे पाइप आणि लिफ्ट येतात. घरटी खर्च दहा लाख येनच्या वर सहज जातो.

बांधकाम मंत्रालयाची मार्गदर्शक सरासरी अशी: २० मजल्यांखालच्या, एकूण ५,००० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतीत दर चौरस मीटरला महिना ३३५ येन. ५,००० ते १०,००० चौरस मीटरच्या इमारतीत २५२ येन. २० मजले किंवा त्याहून उंच असेल तर ३३८ येन. म्हणजे लहान इमारतीतल्या ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला महिना सुमारे २०,१०० येन जमायला हवेत. जाहिरातीत त्याच जागी ७,००० दिसले तर आनंदून जाऊ नका. घरटी १३,१०० येनची तूट, ४० फ्लॅट, १२ वर्षं: साडेसात कोटी येन कमी जमतात. ही तूट भरून निघते ती निधी अचानक दुप्पट-तिप्पट करून, एकरकमी वर्गणी काढून, सोसायटीने कर्ज घेऊन किंवा दुरुस्ती पुढे ढकलून. चौथा मार्ग सर्वांत महाग पडतो, कारण गळती एकदा स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचली की त्या गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात.

निधी कमी असण्यामागे विकासकाची जुनी खोड असते. नवीन फ्लॅट विकताना महिन्याचा खर्च कमी दिसावा म्हणून सुरुवातीचा आकडा मुद्दाम लहान ठेवतात आणि दर पाच वर्षांनी वाढवायचा असं कागदावर लिहितात. प्रत्येक वाढीला सभेची मंजुरी लागते आणि निवृत्त रहिवासी ती अडवतात. म्हणून आजचा आकडा आणि ठरलेलं वाढीचं वेळापत्रक, दोन्ही पाहा.

यांत्रिक पार्किंग असेल तर आणखी सावध राहा. गाड्या वर-खाली करणाऱ्या त्या सांगाड्याची देखभाल दर गाळ्याला महिन्याला हजारो येन खाते आणि गाड्या असलेली कुटुंबं कमी होत चालली आहेत. निम्मे गाळे रिकामे असतील तर तो खर्च गाडी नसलेल्यांवरही पडतो.

कोणते कागद मागायचे आणि केव्हा?

करारावर सही करण्याच्या निदान आठवडाभर आधी हे पाच मागा: व्यवस्थापन कंपनीचा चौकशी अहवाल, ‘जूयो जिको चोसा होकोकुशो’, दीर्घकालीन दुरुस्ती आराखडा, ‘चोकी शूझेन केइकाकु’, मागच्या तीन वर्षांची सभेची इतिवृत्तं, सोसायटीचे नियम आणि पोटनियम, आतापर्यंतच्या दुरुस्त्यांची यादी.

अहवालात निधीची शिल्लक, इमारतीची एकूण थकबाकी, कर्ज आणि मंजूर झालेली दरवाढ असते. आराखडा किमान ३० वर्षांचा हवा आणि त्यात दोन मोठ्या दुरुस्त्या हव्यात. शेवटचा कधी सुधारला तेही पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या मजुरीवर बेतलेला आराखडा निरुपयोगी आहे.

सर्वांत बोलका कागद म्हणजे इतिवृत्त. वरच्या मजल्यावरून गळती, निधीवरून वाद, एकाच घराची वर्षानुवर्षं थकबाकी, अध्यक्ष व्हायला कोणी तयार नाही: हे सगळं तिथे असतं. जपानी वाचता येत नसेल तर भाषांतराला पैसे मोजा.

फ्लॅट पाहायला जाल तेव्हा तळमजल्यावर दहा मिनिटं थांबा. सूचनाफलक वाचा. चिकटपट्टी लावून बंद केलेल्या टपालपेट्या मोजा, म्हणजे रिकामी घरं किती ते कळेल. कचऱ्याची खोली आणि सायकलस्टँड पाहिले की सोसायटी जिवंत आहे की नाही हे लक्षात येतं.

आधीच्या मालकाने मेंटेनन्स थकवला असेल तर?

तो तुमच्या डोक्यावर येतो. सामाईक मालकीच्या कायद्याच्या कलम ८ नुसार सोसायटी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम विक्रेत्याने ताबा देण्याआधी फेडावी ही अट करारात घाला आणि शेवटचा हिशोब त्या दिवशीच्या ताज्या आकड्यावर करा.

इमारत पाडून नवी बांधली तर मोठा फ्लॅट मिळेल ना?

मुंबई-पुण्याच्या रिडेव्हलपमेंटचा हिशोब इथे लावू नका. आपल्याकडे वाढीव एफएसआय विकून बिल्डर जुन्या सभासदांना नवं घर देतो. जपानी शहरांत शिल्लक एफएसआय सहसा नसतोच. उलट कित्येक जुन्या इमारती आजच्या मर्यादेपेक्षा मोठ्या आहेत. त्यांना ‘किझोन फुतेकिकाकु’ म्हणतात. त्या पाडल्या तर नवी इमारत लहान होईल आणि मालकांनाच खिशातून मोठी रक्कम घालावी लागेल. देशभरात आजवर पुनर्बांधणी झालेल्या मॅन्शन इमारती जेमतेम तीनशेच्या घरात आहेत.

पुनर्बांधणीला चार पंचमांश मतं लागतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार भूकंपबळ अपुरं असण्यासारखी ठरावीक कारणं असतील तर तीन चतुर्थांश पुरतात. तरीही पुनर्बांधणीच्या आशेवर घर घेऊ नका. आहे ती इमारत तुमच्या गरजेइतकी वर्षं टिकेल का, एवढंच पाहा.

जमीन कोणाची असते?

बहुतेक ठिकाणी सर्व फ्लॅटमालकांची सामाईक. किंमत आजूबाजूपेक्षा ठळक कमी दिसली तर ‘शाकुचिकेन’ हा शब्द शोधा. म्हणजे जमीन भाड्याची. महिन्याचं भुईभाडं, विकताना जमीनमालकाची परवानगी किंवा शुल्क आणि कर्ज मिळण्यात अडचण, असं सगळं सोबत येतं. ‘तेइकी शाकुचिकेन’ असेल तर ठरलेल्या मुदतीनंतर इमारत पाडून जमीन परत करायची असते.

जाहिरातीतलं क्षेत्रफळ आणि नोंदणीतलं क्षेत्रफळ वेगळं का?

जाहिरातीत ‘हेकिशिन’, म्हणजे भिंतीच्या मध्यापासून मोजलेलं. नोंदणीत ‘उचिनोरी’, म्हणजे आतल्या बाजूने, आपल्या कार्पेटसारखं. हा फरक कराच्या वेळी बोचतो. गृहकर्जावरच्या करसवलतीत वर्षअखेरच्या शिल्लक कर्जाच्या ०.७ टक्के रक्कम करातून वजा होते, आणि तिचं सर्वसाधारण किमान माप नोंदणीतले ५० चौरस मीटर आहे. ४० ते ५० मधल्या घरांना जादा अटी लागतात. जाहिरातीत ५२ असलेला फ्लॅट नोंदणीत ४९ निघतो आणि हिशोब कोलमडतो. या सवलतीसाठी इमारत १ जानेवारी १९८२ नंतरची नोंदलेली हवी, नाहीतर भूकंपबळाचं प्रमाणपत्र.

पाइपांचं काय पाहायचं?

जुन्या मॅन्शनमध्ये डोकेदुखी सर्वांत जास्त पाइपांची, आणि दाखवायला नटवलेल्या फ्लॅटमध्ये पाइप दिसत नाहीत.

उभे मुख्य पाइप सोसायटीचे, तुमच्या घरातले आडवे तुमचे. जुन्या इमारतींत पिण्याच्या पाण्याला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत. ते आतून गंजून अरुंद होतात आणि सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये नळ सोडून पांढऱ्या कपात पाणी धरून पाहा. गरम पाण्याच्या तांब्याच्या पाइपांना कालांतराने सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. गळती तुमच्या फरशीखाली, डाग खालच्या घराच्या छतावर, आणि भरपाई तुमच्याकडून. घराच्या विम्यात शेजाऱ्याच्या नुकसानीचं कलम नक्की घ्या.

१९७० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या काही इमारतींत न्हाणीघर आणि संडासाचे सांडपाण्याचे पाइप स्लॅब ओलांडून खालच्या घराच्या छतात गेलेले असतात. ते बदलायचे तर खालच्याचं छत उघडावं लागतं आणि तो ‘हो’ म्हणेलच असं नाही. एजंटला थेट विचारा: ‘हाइसुइकान, म्हणजे सांडपाण्याचा पाइप, स्लॅबच्या वर की खाली?’ उत्तर मूळ नकाशांत असतं.

‘रिफॉर्म झालेलं’ या शब्दाने हुरळू नका. वॉलपेपर, फ्लोअरिंग आणि सिंक नवे म्हणजे पाइपही नवे असं नाही. कोणते पाइप, कोणत्या वर्षी, कशाचे बसवले ते लेखी मागा. मोडक्या स्वयंपाकघराचा पण नव्या पाइपांचा फ्लॅट आम्ही कधीही आधी निवडू.

आतल्या भिंती पाडता येतात? स्वयंपाकघर हलवता येतं?

खांब-तुळयांच्या इमारतीत आतल्या भिंती बहुधा हलक्या असतात, त्या काढता येतात. भिंतींवर उभ्या इमारतीत, म्हणजे ‘काबेशिकी’ रचनेत, काँक्रीटच्या आतल्या भिंतींना हात लावता येत नाही. पोकळ वाजते की भरीव, हे टकटक करून समजतं.

ओटा हलवण्यावर दोन बंधनं आहेत. सांडपाण्याच्या बारीक पाइपाला ५० ला १ असा उतार लागतो, म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. ओटा तीन मीटर हलवला तर फरशी निदान ६ सेंटिमीटर उचलावी लागते, आणि जुन्या घरात छत आधीच बुटकं. दुसरं बंधन धूर नेणाऱ्या नळीचं. ती तुळईतल्या ठरलेल्या भोकातूनच बाहेर जाते आणि तुळईला नवं भोक पाडायला परवानगी नसते. रोजची फोडणी देणाऱ्या घराने हे भोक कुठे आहे ते आधी पाहावं. नळी जितकी लांब आणि वळणांची, तितका पंखा धूर कमी ओढतो.

फ्लोअरिंगलाही नियम असतो. अनेक सोसायट्या ‘एलएल-४५’ दर्जाचं आवाजरोधक फ्लोअरिंगच मागतात, काही फक्त गालिचा चालवतात. खिडक्या, बाल्कनी आणि मुख्य दाराची बाहेरची बाजू सामाईक मालकीची असते. काम सुरू करण्याआधी सोसायटीकडे अर्ज द्यायचा, बऱ्याच ठिकाणी वर-खाली-शेजारच्यांची संमतीही. २००६ पूर्वीच्या इमारतीत तोडफोडीआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी अंदाजपत्रकात धरलेली हवी.

वीज, गॅस आणि एसी पुरेसे असतात का?

घरच्या ब्रेकरवरचा आकडा वाचा. काही जुन्या इमारतींत ३० किंवा ४० अँपिअरच्या वर वाढवताच येत नाही. एसी, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवणी एकत्र लावली की वीज जाते. २०० व्होल्टची तार आत आलेली नसेल तर इंडक्शनची मोठी शेगडी आणि मोठा एसी बसत नाही. प्रत्येक खोलीत एसीच्या नळीचं भोक आहे का पाहा. बाहेरच्या काँक्रीट भिंतीला नवं भोक पाडता येत नाही, त्यामुळे एखादी खोली कायमची एसीविना राहू शकते. गॅस गिझरवर उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं; दहा वर्षं उलटली असतील तर बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

उत्तरेकडच्या खोलीत बुरशी येते, उपाय काय?

एकेरी काच, अ‍ॅल्युमिनिअमची चौकट आणि भिंतीत उष्णतारोधक थर नाही, त्यामुळे हिवाळ्यात दवबिंदू धरतात. उत्तम उपाय म्हणजे आतून दुसरी खिडकी, ‘उचिमादो’. ती तुमच्या हद्दीत बसते. कपाटाची मागची भिंत हाताने चाचपून पाहा.

निशी-कसाईला आपले लोक आहेत. तिथे घेतलं तर?

शाळा, किराणा, ओळखीपाळखी, सगळं खरं आहे. पण निशी-कसाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या समुद्रपातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेल्या पूर-नकाशावर ‘इथे थांबू नका’ असं स्वतःच छापलं होतं. म्हणून मजला, पाणी किती मीटर चढेल आणि ते उतरायला किती दिवस लागतील, हे तिन्ही पाहा. विजेची खोली तळघरात आहे का तेही विचारा. ऑक्टोबर २०१९ च्या वादळात कावासाकीतल्या मुसाशी-कोसुगीच्या एका उंच इमारतीत तळघरात पाणी शिरलं आणि लिफ्ट, पाणी, संडास सगळं ठप्प झालं. ऑगस्ट २०२० पासून करारापूर्वी एजंटने हा नकाशा दाखवणं सक्तीचं आहे. त्याची वाट पाहू नका, वॉर्डाच्या संकेतस्थळावर आधीच पाहा.

कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर?

घर विकत घ्यायला परवाना लागत नाही आणि घर घेतल्याने व्हिसाही मिळत नाही. अडतं ते कर्जापाशी. सरकारी पाठबळाच्या ‘फ्लॅट ३५’ कर्जाला कायम वास्तव्य लागतं. काही बँका त्याविना देतात, पण स्वतःची रक्कम जास्त मागतात आणि नोकरीची वर्षं, जोडीदाराचं नागरिकत्व पाहतात. फ्लॅट शोधण्याआधी दोन-तीन बँकांत पूर्वतपासणी करून घ्या.

किमतीवर आणखी किती लागतात?

किमतीच्या ६ ते ८ टक्के हाताशी ठेवा. एजंटचं कमाल शुल्क किमतीच्या ३ टक्के अधिक ६०,००० येन, त्यावर उपभोग कर. ३ कोटींच्या घराला १०,५६,००० येन. करारावरचं मुद्रांक १०,००० येन, करार इलेक्ट्रॉनिक असेल तर तेही नाही. शिवाय नोंदणी कर, नोंदणी वकील, बँकेचं शुल्क, विमा आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा मालमत्ता कर. खरेदी कर, ‘फुदोसान शुतोकुझेइ’, ताब्यानंतर काही महिन्यांनी टपालाने येतो आणि तोवर लोक तो विसरलेले असतात.

व्यवहाराचा क्रम काय?

पसंतीनंतर खरेदीचा अर्ज, त्याने कोणी बांधलं जात नाही. मग बँकेची पूर्वतपासणी, मग परवानाधारक तज्ज्ञाकडून ‘जुसेत्सु’ म्हणजे महत्त्वाच्या बाबींचं वाचन, मग करार आणि इसार. इसार साधारण ५ ते १० टक्के. तुम्ही माघार घेतलीत तर तो जातो; विक्रेत्याने घेतली तर दुप्पट परत देतो, पण हे दुसऱ्या बाजूने व्यवहार पुढे नेईपर्यंतच. कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याचं कलम, ‘लोन तोकुयाकु’, त्यात बँकेचं नाव, रक्कम आणि शेवटची तारीख नीट भरलेली हवी. करार ते ताबा, महिना ते दोन महिने. जुसेत्सु आणि करार एकाच दुपारी उरकायची पद्धत आहे. मसुदा दोन-तीन दिवस आधी मागून घ्या.

ताबा घेतल्यावर दोष निघाला तर?

विक्रेता खासगी व्यक्ती असेल तर जबाबदारी सहसा तीन महिन्यांपुरती, फार जुन्या घरात शून्यही. विक्रेती परवानाधारक कंपनी असेल तर किमान दोन वर्षं. करारापूर्वी स्वतंत्र तपासनीसाकडून ‘इन्स्पेक्शन’ करून घ्या, विक्रेत्याच्या एजंटने सुचवलेल्याकडून नको.

पुढे भारतात परतलो तर घराचं काय?

परदेशात राहत असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं. फेमा, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) मध्ये तशी मुभा आहे. जपान सोडताना करप्रतिनिधी नेमा, मालमत्ता कराची बिलं त्याच्याकडे जातील. सोसायटीला नवा पत्ता कळवा आणि सभेचं मतपत्र भरून पाठवत राहा. परदेशातून विकलंत तर ग्राहक किमतीतून १०.२१ टक्के कर कापून ठेवतो. तो स्वतः किंवा त्याचे नातलग राहायला घेत असतील आणि किंमत १० कोटी येनपर्यंत असेल तर कापत नाही. नफ्यावरचा कर विक्रीच्या वर्षाच्या १ जानेवारीला मालकी पाच वर्षांहून जास्त झाली आहे का यावर ठरतो: झाली असेल तर जपानमध्ये राहणाऱ्याला २०.३१५ टक्के, नसेल तर ३९.६३ टक्के. निवासी नसलेल्याला यातला स्थानिक कराचा भाग सहसा लागत नाही. ऑक्टोबरात पाच वर्षं पुरी झाली म्हणून नोव्हेंबरात विकू नका, जानेवारी उजाडू द्या.